शनिवार-रविवारची होडी

मी एक जुनी लाकडी होडी आहे, मित्रांनो, आणि मला माणसांची किळस येते. आपली कहाणी सांगणाऱ्यानं असं पहिल्याच वाक्यात बोलू नये, हे मला कळतं. आधी जन्म सांगावा, मग कष्ट सांगावेत, मग हळूच तक्रार करावी. पण माझ्या फळ्यांना अजूनही उन्हात अंगाला फासायच्या क्रीमचा वास येतो. कितीही घासलं तरी तो जात नाही, आणि तो नाकात असताना गोड बोलणं मला जमत नाही.

तरीही रीतीप्रमाणे जन्मापासूनच सांगते. ब्युनोस आयर्स शहराच्या वर पाराना नदी शेकडो फाट्यांनी फुटते आणि मधे बेटंच बेटं होतात. त्यातल्या एका अरुंद फाट्यावर एवारिस्तो नावाचा सुतार राहत होता. त्यानं एका हिवाळ्यात मला घडवलं. फळ्या देवदाराच्या होत्या, पण माझं पुढचं टोक, म्हणजे माझं नाक, त्यानं पुरात वाहून आलेल्या एका कठीण बुंध्यातून कोरलं. तो बुंधा मुळातच वाकडा होता आणि तसा मिळावा म्हणून एवारिस्तो तीन वर्षं थांबला होता. एका बाजूला रंधा आणि दुसऱ्या बाजूला पाल्याचा कडू चहा, असं त्याचं काम चाले. घाई म्हणून नव्हती. मी तयार झाले तेव्हा त्याची मुलगी देल्मिरा नऊ वर्षांची होती, आणि मी तिच्यासाठीच होते.

वल्हं धरायला शिकवण्याआधी त्यानं तिला दोरी बांधायला शिकवलं. "दोरी दोन वाव सोडायची," तो म्हणाला आणि दोन्ही हात पसरून एक वाव म्हणजे किती ते त्यानं दाखवलं. "पाणी वर येताना कुणाला विचारत नाही." आमच्याकडे आग्नेयेकडून वारा सुटला, की तो नदीचं तोंडच दाबून धरतो. पाण्याला समुद्राकडे जाता येत नाही आणि ते उलटं बेटांवर चढतं. तोकडी बांधलेली होडी मग वर येऊ शकत नाही. ती जागच्या जागी बुडते.

दुसरी गोष्ट त्यानं शिकवली ती हाताची. धक्क्यावर उभं राहून कुणी हात वर केला, की प्रवासी लाँच थांबते. लाँच गेली असेल तर जी होडी जात असेल ती थांबते. भांडण असो, अबोला असो, हात दिसला की थांबायचं. एवारिस्तोचं कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी सतरा वर्षं बोलणं नव्हतं, पण त्या सतरा वर्षांत त्यानं त्याला दोनदा माझ्यातून दवाखान्यात पोचवलं. दोन्ही वेळा जाताना-येताना तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यातली एक खेप तर चांगली दोन तासांची होती.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. मी आलुबुखार वाहिले, टोपल्यांसाठी कापलेल्या वेताच्या मोळ्या वाहिल्या, एकदा एक वासरू वाहिलं. त्या वासरानं माझ्यात जे करायचं ते केलं, पण त्याची मला किळस आली नाही. ते बिचारं घाबरलं होतं. देल्मिरा माझ्यातच बसून मोठी झाली, माझ्यातच बसून लग्नाला गेली, आणि चार वर्षांनी नवरा शहरात निघून गेला तेव्हा माझ्यातच बसून रडली. मग तिनं नाक पुसलं आणि वल्हं उचललं.

पुढे दक्षिणेकडची फळं ट्रकांतून शहरात येऊ लागली आणि बेटांवरच्या बागांना कुणी विचारीना. झाडं रानटी झाली. माणसं उठून गेली. आणि त्यांच्या रिकाम्या घरांत, मित्रांनो, शनिवार-रविवारवाले आले.

शहरातून आगगाडीनं एक तास आणि लाँचनं एक तास, एवढंच अंतर. शुक्रवारी संध्याकाळी लाँच भरून यायची ती गाद्या, कोळशाची पोती, कुत्री आणि बाटल्या घेऊन. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं त्यांचं होतं. घर दुसऱ्यानं बांधलेलं, झाडं दुसऱ्यानं लावलेली, आणि हे दोन दिवस येऊन झोके घेणार. देल्मिरा त्यांची घरं झाडायचं काम करू लागली. पोट भरायला दुसरं काही उरलंच नव्हतं. आणि शनिवार-रविवारी भाड्यानं जाऊन मी झाले पाहुण्यांची होडी.

काय सांगू तुम्हाला! एकानं माझ्या फळीवर उभं राहून पाण्यात लघवी केली आणि लगेच त्याच पाण्यात उडी मारून म्हणाला, की इथलं सगळं कसं शुद्ध आहे. एका बाईनं बाळाचा भरलेला लंगोट माझ्या बैठकीखाली सारला आणि तो तिथं सोमवारपर्यंत राहिला. उन्हाळा होता, एवढंच सांगते. निखाऱ्यांवर मांस भाजून झालं, की भाजणाऱ्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात, ही आमच्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे. पण टाळ्या वाजवून झाल्यावर चरबीचा डबा माझ्यात आणून ओततात, ही रीत कुठली? कोलात घातलेली काळी कडू दारू पिऊन एक जण माझ्या नाकावर ओकला. त्याच्या बायकोनं सांगितलं, की मांस बाधलं असेल. दारूचं नाव कुणी घेतलं नाही. शी! अजून आठवलं तरी माझ्या फळ्या आखडतात.

याहून वाईट होतं ते कौतुक. किती जुनी होडी, किती अस्सल, असं म्हणत ते मला थोपटायचे आणि त्याच हाताला लागलेलं तेल माझ्यावर पुसायचे. शांततेसाठी आलोय म्हणायचे आणि माझ्या फळीवर गाण्याचा डबा ठेवून तो इतका मोठा लावायचे की बगळे उडून जायचे. एकदा एका पाहुण्याचा भला थोरला ओला कुत्रा माझ्यात उड्या मारत होता आणि मालक देल्मिराला सांगत होता, की तुमच्या वडिलांचे हात म्हणजे सोनं आहे. "भीक नको पण कुत्रं आवरा," देल्मिरा म्हणाली. तो हसला. त्याला वाटलं, ही इथली काहीतरी गोड म्हण असेल.

दर सोमवारी ती सोडा आणि काथ्या घेऊन मला घासायची आणि बडबडत राहायची. शहरात यांची घरं आरशासारखी असतात म्हणे, ती म्हणायची, म्हणून मग घाण करायला इथं येतात. जळलं मेलं यांचं लक्षण. ती बडबड ऐकून मला बरं वाटायचं.

त्या सगळ्यांत रेनातो वेगळा होता, हे कबूल केलं पाहिजे. तो दातांचा डॉक्टर. देल्मिराच्या घराशेजारचंच घर त्यानं घेतलं होतं. तो ओकला नाही, मुतला नाही, देल्मिरासाठी दर खेपेला बिस्किटांचा पुडा आणायचा. मी त्याला मनापासून आवडायचे, आणि घात झाला तो तिथंच. शहरात त्याची मोटार एकदा आणि सायकल दोनदा चोरीला गेली होती. त्यामुळे एका शनिवारी तो बिस्किटांबरोबर एक जाड साखळी आणि मुठीएवढं कुलूप घेऊन आला. माझ्या नाकाला आरपार भोक पाडून त्यानं लोखंडी कडी बसवली आणि मला आपल्या धक्क्याच्या खांबाला जखडून टाकलं.

देल्मिरा म्हणाली, की इथं कुणाची होडी कुठली हे गावच्या कुत्र्यालाही ठाऊक असतं, चोरणार कोण? तो हसून म्हणाला, की विश्वास असावाच, पण कुलूपही असावं. मग तिनं सांगितलं, की निदान साखळी तरी सैल ठेवा, दोन वाव सोडा. त्यावर त्यानं तिला समजावलं, की सैल ठेवली तर होडी धक्क्यावर घासते, रंग जातो, एवढी सुंदर जुनी वस्तू खराब होते. आपण तिची काळजी घेतली पाहिजे. नंतर ती दोनदा पुन्हा बोलली आणि मग गप्प बसली, कारण कामावर ठेवणाऱ्याला तिसऱ्यांदा शहाणपण शिकवता येत नाही. अट एवढीच ठरली, की आठवडाभर किल्ली तिच्याकडे राहील आणि तो आला की त्याच्याकडे.

एवारिस्तो तेव्हा शहाऐंशी वर्षांचा होता. फाट्याच्या पलीकडे, मला जिथं घडवलं त्याच घरात तो एकटा राहायचा. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्याला चार पावलंही टाकता येत नव्हती. पुराच्या पाण्यापासून उचलून धरणारे त्या घराचे खांब बुटके होते, पण लेकीकडे राहायला ये म्हटलं की तो म्हणायचा, माझं घर मला ओळखतं. देल्मिरा रोज दुपारी माझ्यातून त्याला जेवण घेऊन जायची. तिची स्वतःची मोटरबोट दुरुस्तीला शहरात पडली होती, त्यामुळे फाटा ओलांडायला मीच होते.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी वारा आग्नेयेचा झाला. मुंग्या खांबांवर चढू लागल्या. अकराच्या सुमारास लाँचवाल्यानं भोंगा वाजवून सांगितलं, की बाराची फेरी शेवटची, नंतर लाँच सुटणार नाही. रेनातो, त्याची बायको आणि चार पाहुणे धावत धक्क्यावर आले. मांस जाळीवर तसंच टाकलं, बाटल्या गवतात तशाच. सहाच्या सहा जणांनी एकदम हात वर केले. लाँच थांबली आणि त्यांना घेऊन गेली. माझी किल्ली त्याच्या पँटच्या खिशात होती.

दुपारी ओहोटीची वेळ झाली, पण पाणी उतरायच्या ऐवजी चढतच राहिलं. साखळी ताणली गेली. माझं नाक खाली ओढलं गेलं आणि माझी पाठ वर उचलली गेली. मग गढूळ पाण्याचा पहिला थर माझ्या नाकावरून आत आला. त्यात गवतातल्या बाटल्या होत्या, सिगारेटची थोटकं होती आणि जाळीवरून वाहून आलेलं मांस होतं. माझ्या पोटात त्यांचं ते उष्टं भरत होतं आणि मी तसूभरही हलू शकत नव्हते. एक वल्हं माझ्या डोळ्यांदेखत तरंगत निघून गेलं.

देल्मिरा जेवणाचा डबा घेऊन आली आणि गुडघाभर पाण्यात थबकली. तिनं डबा खांबाच्या माथ्यावर ठेवला आणि साखळी ओढली. ती हलेना. नदीपोलिसांना फोन केला, तर ते म्हणाले, येतो, पण तुमच्या आधी चाळीस घरं आहेत. मग तिनं रेनातोला फोन लावला. तो आगगाडीत बसला होता.

"किल्ली?" तो म्हणाला. "अरेच्चा, माझ्याकडेच राहिली की. काही हरकत नाही, देल्मिराबाई, उद्या सकाळी पाठवून देतो. होडीची काळजी करू नका, ती जाणार कुठं?"

तिनं फोन बंद केला. घरून कुऱ्हाड आणली. आधी साखळीवर घाव घातला, तर ठिणगी उडून कुऱ्हाडीचीच धार गेली. धक्क्याचा खांब मांडीएवढा जाड आणि बराचसा पाण्याखाली, त्याला कुऱ्हाड लावायला जागाच नव्हती. उरलं होतं फक्त माझं नाक. त्यात बसवलेली कडी तेवढी मोकळी झाली असती, तर मी सुटले असते.

तिनं कुऱ्हाड उचलली आणि तशीच खाली केली. मला माहीत आहे ती का थांबली. ते नाक तिच्या बापानं तीन वर्षं वाट बघून कोरलं होतं. तेवढ्यात तिनं पलीकडे पाहिलं. म्हातारा ओसरीवर खुर्चीत बसला होता. पाणी त्याच्या गुडघ्यांना लागलं होतं आणि मांडीवर त्याची एकुलती एक कोंबडी होती. तो ओरडत नव्हता, कारण त्या वाऱ्यात ओरडून काही ऐकू गेलं नसतं. धक्क्यावर उभं राहून लाँचला करतात तसा त्यानं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

तिनं पहिला घाव घातला. मग दुसरा, मग तिसरा. लाकूड कठीण होतं, आणि मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी मला त्या लाकडाचा राग आला. ती रडत होती आणि मला शिव्या देत होती. "तूट ना गं मेले, तूट ना," असं म्हणत होती. आयुष्यभर लोकांनी मला थोपटलं त्याची मला किळस आली, पण ते घाव मला हवे होते. सतराव्या की अठराव्या घावाला माझं नाक कडीसकट निघालं आणि मी धाडकन वर आले.

भोकात तिनं आपला लोकरी स्वेटर कोंबला, डब्यातलं बापाचं जेवण नदीत ओतलं आणि त्याच डब्यानं पाणी उपसलं. बैठकीखाली अडकलेल्या एकाच वल्ह्यानं तिनं फाटा ओलांडला. आम्ही पोचलो तेव्हा पाणी म्हाताऱ्याच्या छातीला लागलं होतं आणि कोंबडी त्याच्या डोक्यावर होती. हात अजून वरच होता. दुसऱ्या हातानं त्यानं तो कोपरापाशी तोलून धरला होता. देल्मिरानं त्याला बगलेत धरून माझ्यात ओढलं. माझ्या तळाशी त्या घाणीत तो पडून राहिला आणि माझ्या तुटलेल्या नाकावर त्यानं बोटं फिरवली.

"चांगलं तोडलंस, पोरी," तो म्हणाला. "पण जेवण कुठाय माझं?"

पाणी दोन दिवसांनी उतरलं. एवारिस्तो आता लेकीच्या ओसरीवर राहू लागला. त्याचे हात थरथरायचे म्हणून तो खुर्चीतून सांगायचा आणि देल्मिरा ठोकायची. तिनं माझ्या नाकाच्या जागी नदीकाठच्या विलोच्या लाकडाचं एक ठिगळ बसवलं. ते दिसायला ओबडधोबड होतं आणि गळायचंही. कडी मात्र परत बसवली नाही. दोरी आली, दोन वाव सोडलेली.

तीन आठवड्यांनी रेनातो आला. सगळी हकीकत त्याला फोनवर कुणी सांगितली नव्हती. मला पाहून त्याचा चेहरा खरोखरच पडला. एवढी सुंदर होडी, असं म्हणत तो माझ्याभोवती फिरला. मग त्याला एक कल्पना सुचली. आता ही पाण्यात चालायची नाही, तर तिला आमच्या अंगणात ठेवू, तिच्यात माती भरू आणि लाल जिरॅनियम लावू, म्हणजे तिची काळजीही घेतली जाईल. मित्रांनो, मी ओकणाऱ्यांना पाहिलं होतं, लंगोट सोसला होता, पण एवढी किळस मला कधी आली नव्हती.

"फुलं तुमच्या मोटारीत लावा," एवारिस्तो ओसरीवरून म्हणाला. "ती तरी इथं काही कामाची नाही."

रेनातोनं विचारलं, की होडी मोडली कुणी? "तुमच्या कुलपानं," देल्मिरा म्हणाली आणि पुरातली सगळी दुपार तिनं त्याला सरळ सांगितली, घावांपासून कोंबडीपर्यंत. तो ऐकत राहिला. मग आपल्या घरात गेला. त्या दोन दिवसांत त्याच्याकडून गाण्याचा आवाज आला नाही.

रविवारी दुपारी त्याला शहरात परतायचं होतं. पुरात त्याचा धक्का खांबापाशीच कलला होता, त्यामुळे लाँच तिथं लागत नव्हती. तिला वरच्या मोठ्या धक्क्यावर गाठावं लागे. देल्मिरा माझ्यातून तिकडंच निघाली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो कललेल्या फळीवर पांढऱ्या पँटमध्ये उभा होता. मग त्यानं हात वर केला.

मला वाटलं, ती पुढे जाईल. मनातून मी तेच मागत होते. पण वल्हं थांबलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि मला वळवलं. तो माझ्यात बसला, बरोबर ठिगळासमोर. त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. देल्मिरानं किल्ली घेतली, पाण्यात टाकली आणि तिच्या जागी त्याच्या हातात तो जेवणाचा डबा दिला.

"बोलू नका," ती म्हणाली. "ती गळते. उपसा."

मोठ्या धक्क्यापर्यंत तो वाकून पाणी उपसत राहिला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली, पण त्यानं माझा फोटो काढला नाही आणि मला अस्सलही म्हटलं नाही. उतरल्यावर माझी दोरी त्यानं स्वतः बांधली. ती तोकडी झाली होती. देल्मिरा पुढे होणार इतक्यात त्याचं त्यालाच आठवलं असावं, कारण तो परत वाकला, गाठ सोडली आणि मोजून दोन वाव दिले.

माझी किळस काही गेलेली नाही, मित्रांनो. दर शुक्रवारी ती नव्यानं येते, लाँच भरून. पण तुमच्यापाशी माझं एवढंच मागणं आहे. ज्याची काळजी घ्यायची असेल त्याला घट्ट बांधू नका, दोरी लांब ठेवा. आणि पलीकडून कुणी हात वर केला, तर थांबा. मग त्या माणसाची कितीही किळस येवो.